देवडीवरचे निकमभाऊ

निकमभाऊंच्या दाराची बेल सगळ्यांसाठी वाजत नाही. बिघडलेली नाही हं. ती तशीच बनवलेली आहे. ज्याच्याकडे त्या वेळेची परवानगी असेल त्याच्यापुरतीच ती वाजते. बाकीच्यांनी कितीही दाबली तरी दाराशेजारच्या काळ्या डब्यावर नुसता लाल दिवा लागतो, आणि आपण उगाचच ओशाळतो.

मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या या बिल्डिंगमध्ये त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याच संध्याकाळी विरजण मागायला गेले. लाल दिवा लागला. पुन्हा दाबली, पुन्हा लाल. शेवटी मूठ आपटली तेव्हा दार चार बोटं उघडलं आणि फटीत एक चष्मा दिसला.

"मी शैला जोशी. समोर राहायला आले."

"ओळख पटली," चष्मा म्हणाला. "पुढे?"

"पुढे काय? चमचाभर विरजण हवंय."

"ते देतो. आत यायचंय की दारातूनच न्यायचंय? आत यायचं असेल तर किती वेळ?"

बँकेच्या खिडकीत मी एकतीस वर्षं काढली आहेत. सही जुळत नाही म्हणून भल्याभल्यांना परत पाठवलंय. पण चमचाभर विरजणासाठी अशी उलटतपासणी मीसुद्धा कोणाची केली नव्हती. मी ठसक्यात म्हटलं, "राहू दे. उद्या ताकाशिवाय जेवेन." दार लागलं. पाच मिनिटांनी माझ्या दारात वाटी आली. त्यावर झाकण, झाकणावर चिठ्ठी: 'वाटी परत करायची मुदत: उद्या सकाळी दहा.'

अशी आमची ओळख झाली. आत बसायची तोंडी परवानगी मिळायला पुढे दोन वर्षं लागली.

निकमभाऊ मूळचे देवळा गावचे. घरी कांद्याची शेती, ती धाकटे भाऊ पोपटराव बघतात. हे शिकून कॉम्प्युटरमध्ये गेले आणि घरी बसून एका कंपनीचं काम करतात. पण ते पोटासाठी. त्यांचा जीव अडकलाय तो 'देवडी'त. देवडी म्हणजे एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे; दुसऱ्या प्रोग्रॅमवाल्यांनी उचलून आपापल्या वेबसाइटमध्ये बसवावा असा तयार कोड. पूर्वी वाड्याच्या दरवाजात पहारेकरी बसायचा ती जागा देवडी, म्हणून हे नाव. कोड सगळ्या जगाला उघडा, कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा, आणि फुकट. कुठल्या कुठल्या देशातले लोक तो वापरतात. एकाला वाटलं की हे बनवणाऱ्याचंच नाव असावं. तो अजूनही यांना 'डिअर डेव्हडी' म्हणून पत्रं लिहितो आणि हे त्याला इमानदारीत उत्तरं देतात.

ही देवडी करते काय, ते त्यांनी मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मला झोप आली. चौथ्यांदा मीच म्हटलं, "थांबा. आमच्या बँकेत पैसे काढायला माणूस आला की आधी सही तपासायची, म्हणजे हा कोण ते कळायचं. मग त्याला पितळी टोकन द्यायचं. ते टोकन घेऊन तो कॅशच्या खिडकीशी गेला की कॅशियर तोंड बघत नसे, टोकन बघे. हेच ना?"

निकमभाऊ खुर्चीतून उठलेच. "शैलाताई, एवढं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं! सही म्हणजे ओळख. टोकन म्हणजे परवानगी. ओळख वेगळी, परवानगी वेगळी! जग इथंच घोळ घालतं!"

"पण आमच्या टोकनवर मुदत नसायची."

"हाच तर दोष!" ते म्हणाले. "मुदत नसलेलं टोकन म्हणजे उघडी विहीर. देवडीत एक दिवसापेक्षा जास्त मुदत कोणालाच मिळत नाही. मला नाही, देवालासुद्धा नाही."

निवृत्तीच्या वेळी मी आठवण म्हणून मागून घेतलेलं सत्तेचाळीस नंबरचं टोकन त्यांना दाखवलं. ते त्यांनी तळहातावर घेऊन इतक्या प्रेमानं पाहिलं, की मी म्हटलं ठेवा तुमच्याकडे. त्यांनी ठेवलं, आणि पावती दिली.

हे सगळं कॉम्प्युटरमध्ये राहिलं असतं तर ठीक. पण निकमभाऊंनी देवडी घराला लावली. दाराचा काळा डबा त्यांनीच बनवला. प्रत्येकाला एकेक कार्ड, आणि कोणत्या कार्डाला कधी आत घ्यायचं ते डब्यात भरलेलं. दूधवाल्याची वेळ सहा दहा ते सहा वीस. तो गरीब एकदा पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकला आणि सहा बावीसला पोचला. लाल दिवा. दूध पायरीवर राहिलं, मांजरानं प्यायलं. दुसऱ्या दिवशी निकमभाऊ त्याला म्हणाले, "तुझा राग नाही. उशिरा येण्याचा अर्ज आदल्या दिवशी देत जा."

खाली हार्डवेअरचं दुकान असलेले आमचे चेअरमन शेखभाई. त्यांनी हात जोडले. "निकमसाब, दूधवाला आहे तो. दूध ठेवून जाणार, राज्य थोडंच मागणार?"

कामाला येणाऱ्या सुनंदाची तऱ्हा तर विचारू नका. तिला स्वयंपाकघरात सगळी मुभा. पण निकमभाऊंच्या कामाच्या खोलीत 'फक्त वाचन', म्हणजे बघायचं, हात लावायचा नाही. मी एकदा तिला त्या खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी पाहिलं. "काय गं, काय करतेस?" तर म्हणाली, "बघायची परवानगी हाय, पुसायची नाय. म्हणून रोज पाच मिन्टं धूळ बघते."

एका लग्नात आइस्क्रीमची कुपनं वाटत होते. निकमभाऊंनी कुपन उलटंसुलटं पाहिलं आणि मुलीच्या बापाला गाठलं. ऐन गर्दीत! "यावर नाव नाही, वेळ नाही. हे कोणीही उचलेल आणि वापरेल." त्या बिचाऱ्याच्या डोक्यात वरात, सासरचे, भटजी. तो हो हो म्हणाला. यांना ते पटलं नाही. मग मुद्दा सिद्ध करायला यांनी टेबलांवरची पडलेली तीन कुपनं गोळा केली आणि तीन आइस्क्रीमं खाल्ली. आठवडाभर घसा धरला होता. घोगऱ्या आवाजात मला सांगत होते, "पण सिद्ध झालं ना!"

पोपटराव कांद्याची गोण घेऊन आले की भांडण ठरलेलं. "भाऊ, लय शहाणा तू. सारं जग तुझं वापरतं आन तू फुकट देतो?" त्यावर निकमभाऊ म्हणायचे, "भाव पडला की तू कांदा रस्त्यावर ओततोस. मी निदान हौसेनं देतो." मग दोघं भाऊ जेवायला बसायचे आणि अहिराणीत गप्पा मारायचे. एरवी निकमभाऊंची भाषा छापील. अहिराणी फक्त भावाशी आणि आईशी. फोनवर "हाव माय, बरा शे मी" म्हणताना हा माणूस एकदम दहा वर्षांचा वाटायचा.

आता तुम्ही म्हणाल, घरात बाईमाणूस नाही का याला आवरायला? होती. निकमवहिनी मी यायच्या आधीच गेल्या. मागे एक मुलगी, सायली. आईवेगळी पोर. बापाला तिची इतकी काळजी की त्यानं काळजीचं वेळापत्रकच केलं होतं. क्लास, मैत्रीण, गंगापूर रोडची लायब्ररी, सगळ्याला टोकन, सगळ्याला मुदत. पोर हसतमुख, निभावून न्यायची. माझ्या घरी यायची तेव्हा सोफ्यावर लोळत म्हणायची, "काकू, तुमच्याकडे मुदत नाही ना?"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. निकमभाऊंनी जुना डबा काढून नवा बसवला होता. सायलीची वेळ दुपारी एकपासून. मी बाहेर गेले होते, पावणेचारला परत आले तर ही जिन्यात बसलेली, मांडीवर पेढ्यांचा पुडा. दोन वाजल्यापासून! दिवा लाल, बेल मुकी, फोन केला तर बाबा उचलत नाहीत. बाबा आतच होते. कानाला हेडफोन लावून परदेशातल्या कोणाशी तरी देवडीतली चूक शोधत बसले होते.

"काकू, मला बंगळूरला नोकरी लागली," ती म्हणाली आणि पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. "तुमचं दार उघडं असतं, म्हणून पहिला तुम्हाला."

चार वाजता निकमभाऊ चहासाठी दूध आणायला निघाले. दार उघडलं. लेक समोर उभी. आणि या माणसानं आधी बघितलं डब्याकडे! बटण दाबलं, आकडे वाचले, आणि चेहरा असा फुलला म्हणता! "अगं, साडेपाच तासांचा घोळ! याचं घड्याळ इंग्लंडच्या वेळेवर राहिलंय! दुपारी दोनला याच्या लेखी सकाळचे साडेआठ! तो तिकडचा माणूस तास झाला हेच सांगतोय!" आणि त्याला कळवायला हे परत आत वळले.

सायली शांतपणे म्हणाली, "बाबा, ओळख तरी पटली का?"

ते थांबले. पण उशीर झाला होता. पेढ्यांचा पुडा तिनं माझ्याकडे दिला. आठ दिवसांत ती बंगळूरला गेली आणि नंतर नाशिकला आली नाही. दिवाळीला एक फोन, बापाच्या वाढदिवसाला एक. दोन दोन मिनिटांचे. ती चूक निकमभाऊंनी त्याच संध्याकाळी दुरुस्त केली म्हणे. जगभरातून आभाराची पत्रं आली. ती त्यांनी मला वाचून दाखवली नाहीत, एवढं मला आठवतं.

यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायचंच नाही असं बजावलं आणि पोपटराव त्यांना आठ दिवस देवळ्याला घेऊन निघाले. मी म्हटलं, "डोळ्याच्या माणसाला कांद्याच्या गावाला नेताय? धन्य आहे!" काळा चष्मा लावून निकमभाऊ निघाले खरे, पण पाऊल उचलेना. मला बाजूला घेतलं आणि खिशातून एक कार्ड काढलं.

"शैलाताई, सकाळी सहा ते सव्वासहा आत यायची परवानगी. लॅपटॉप उघडायचा, एक पान दिसेल, त्यावर एकच बटण आहे. दाबायचं आणि निघायचं. रोज. चुकवू नका."

"कशाचं बटण?"

ते जरा घुटमळले. "सायलीच्या कार्डाचं. ठरावीक वेळेचं कार्ड रोज आपलं आपण चालतं, पण दिवसभराच्या मोकळ्या परवानगीची मुदत दिवसाअखेर संपते ना. रोज नवीन द्यावी लागते."

मी बघतच राहिले. "तीन वर्षं रोज देताय?"

"रोज सकाळी सहाला."

"अहो, वर्षाची देऊन टाका की एकदम!"

"देवडी देत नाही. नियम माझाच."

"मग बदला नियम. तुमच्या हातात आहे."

"बदलता येईल," ते म्हणाले. "पण मग रोज सकाळी मी तिच्यासाठी काय करू?"

खालून पोपटरावांनी हॉर्न वाजवला. मी विचारलं, "कार्ड आहे का तिच्याकडे अजून?"

"काय माहीत. टाकूनही दिलं असेल. कोणतं कार्ड कधी दाराला लागलं ते त्या पानावर खाली येतं. तिच्या नावापुढे तीन वर्षांत एक ओळ नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी सहाला उठून जाऊ लागले. पान उघडायचं. वर 'सायली', खाली बटण. दाबलं की हिरवी अक्षरं यायची, 'आज दिवसभर'. टेबलावर धूळ, धुळीत फक्त एक जागा लख्ख पुसलेली, आणि तिथे माझं सत्तेचाळीस नंबरचं टोकन. त्याच्याखाली सायलीचा शाळेतला फोटो. पाच दिवस मी इमानेइतबारे बटण दाबलं.

सहाव्या दिवशी इगतपुरीला भाचीच्या मुलाचं बारसं होतं. आदल्या दुपारीच निघाले. तिकडे पाऊस असा कोसळत होता की बारशाच्या दिवशीही परतायचं नाव काढता येईना. राहिले. आणि खरं सांगते, पावसाचं निमित्त. सकाळी सहाला जाग आली तेव्हा बटण आठवलं होतं मला. पण मनात म्हटलं, तीन वर्षांत कोणी आलं नाही, एका दिवसानं काय होतंय? आणि कूस बदलली.

सातव्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघून नऊला पोचले. माझ्या कार्डाची वेळ टळलेली, लाल दिवा. आठव्या दिवशी सहाला गेले आणि पान उघडलं. खाली सायलीच्या नावाच्या दोन ओळी होत्या. बारशाच्या दिवसाच्या.

'सायली. दुपारी तीन चाळीस. नाकारले. मुदत संपली.'

'सायली. दुपारी तीन बावन्न. नाकारले. मुदत संपली.'

बारा मिनिटं पोर दारात उभी होती. ऑपरेशन आहे एवढंच काकांकडून आधी कळलं असणार, म्हणून बापाला बघायला आली. तो देवळ्याला गेलाय हे तिला ठाऊक नसणार. आणि लाल दिवा पाहून तिला काय वाटलं असेल? बाबांनी आपलं कार्ड बंद केलं, हेच! मग तिनं माझ्या दाराकडे पाहिलं असेल. त्या दिवशी माझंही दार बंद होतं.

मी रडले. तिथंच, त्या धुळीच्या टेबलाशी, परवानगी नसताना पाऊण तास बसून रडले.

दुपारी पोपटरावांनी त्यांना आणून सोडलं, बरोबर नेहमीची गोण. ते गेल्यावर मी चहा केला आणि सगळं सांगून टाकलं. बारसं सांगितलं, पाऊस सांगितला आणि कूस बदलली तेही सांगितलं. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते दिसेना. मला वाटलं आता हा माणूस मला आयुष्यभर माफ करणार नाही, आणि त्यानं करूही नये.

"लॅपटॉप आणा आणि वाचा ती ओळ," ते म्हणाले.

मी वाचली.

"परत वाचा."

परत वाचली.

"ओळीच्या टोकाला कार्डाचा नंबर असतो, तो काय आहे?"

मी नंबर सांगितला.

"जुनंच," ते पुटपुटले. "तिनं टाकलं नाही. जपून ठेवलं. दोनदा लावलं." चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला. मी तो काढून घेतला. आणि आईशी बोलतात त्या आवाजात ते म्हणाले, "मनी पोर उनी व्हती, ताई. मनी पोर उनी व्हती." माझी पोर आली होती, म्हणत होते.

डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी पदरानं त्यांचे गाल टिपत राहिले आणि ओरडतही राहिले, "अहो, रडू नका, टाका ओला होईल!" मोतीबिंदूला हल्ली टाके नसतात हे मला नंतर कळलं.

फोन लावला, तिनं उचलला नाही. मग ते सांगू लागले आणि मी मेसेज टाइप करू लागले. सुरुवात केली ती 'देवडीच्या मुदतनियमाप्रमाणे' अशी. मी म्हटलं, "निकमभाऊ, ही लेक आहे, तो परदेशातला माणूस नव्हे." पुसलं. मी माझी चूक कबूल करायला गेले, तर म्हणाले, "तुमची नाही. एका माणसाच्या उठण्यावर सगळं सोडलं ही चूक माझी." अर्ध्या तासानं एवढंच उरलं: 'तुझं कार्ड बंद केलेलं नाही. रोज सकाळी मी स्वतः चालू करतो. त्या दिवशी राहिलं. आता दार उघडं आहे. बाबा.'

पाठवलं. थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

निकमभाऊ उठले. भिंत चाचपत दाराशी गेले आणि मला म्हणाले, "जरा हात लावा." आम्ही दोघांनी मिळून देवळ्याच्या कांद्याची गोण ओढत नेली आणि उघड्या दाराला लावली. डब्याची वायर त्यांनी स्वतः उपटली. दिवा विझला. मग समोर खुर्ची टाकून ते बसले, काळा चष्मा लावून, जिन्याकडे तोंड करून.

आज चौथा दिवस. दूधवाला पाहिजे तेव्हा येतो. सुनंदानं कामाच्या खोलीत फडकं मारलं, कोणी काही बोललं नाही. शेखभाई वर येऊन बघून गेले आणि खाली जाताना मला हळूच म्हणाले, "ताई, तबियत ठीक आहे ना त्यांची?"

आज दुपारी मी बाजारातून आले. हातात पिशव्या, गुडघा दुखत होता, म्हणून एकेक पायरी सावकाश चढत होते. शेवटच्या वळणाशी पोचले, अजून मी त्यांना दिसायची होते, तोच वरून आवाज आला.

"ये."

कोण आहे विचारलं नाही. किती वेळासाठी ते विचारलं नाही. नुसतं "ये" म्हणाले, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठून उभे राहिले असणार.

मी आहे हो, शैला, एवढं म्हणायला हवं होतं. पिशव्या हातात धरून मी तिथंच, वळणावर, उभी राहिले.